रिकामा सोडलेला रकाना

गेल्या महिन्यात माझ्या भाचीची एका विमान कंपनीत पायलटच्या जागेसाठी मुलाखत झाली. निकाल अजून आलेला नाही. लायसन्ससाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला न चुकता येतो, त्यामुळे घरात सगळ्यांचं लक्ष फोनकडे.

त्या रात्री तिने सगळं सविस्तर सांगितलं. आधी लेखी परीक्षा. मग कॉम्प्युटरवरच्या चाचण्या, एका वेळी दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवता येतं का ते बघायला. मग सिम्युलेटर, त्यात मध्येच एक इंजिन बंद पाडतात. शेवटी टेबलापलीकडे तिघंजण. "कॅप्टन चुकतोय असं तुला दिसलं तर काय करशील?" हा प्रश्न तिला आवडला, उत्तरही चांगलं दिलं म्हणाली. आणि अगदी शेवटी एकाने विचारलं, "लग्नाचं काय ठरलंय?"

"मामा, याचा विमान उडवण्याशी काय संबंध?"

फोनवर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण मी स्वतः २५ वर्षं एका कारखान्यात भरतीच्या टेबलाच्या त्या बाजूला बसलोय. त्यामुळे तिचा प्रश्न मला झोंबला. त्याचं उत्तर म्हणून एक जुनी हकीकत सांगतो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

गोष्ट अमेरिकेतली, १९५७ सालची. मार्लन ग्रीन नावाचे एक कृष्णवर्णीय वैमानिक होते. आर्कान्सा राज्यातल्या एल डोराडो गावचे. १९४८ साली हवाई दलात गेले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यदलांतला वर्णभेद संपवायचा आदेश काढला होता. ग्रीन नऊ वर्षं हवाई दलात उडले, कॅप्टन झाले, उड्डाणाचे ३,००० हून जास्त तास जमवले. विमान कंपन्या आता कृष्णवर्णीयांना घेणार अशी बातमी त्यांनी वाचली आणि हवाई दल सोडलं.

तेव्हा परिस्थिती काय होती? दुसऱ्या महायुद्धात टस्कीगीच्या तळावर जवळपास १,००० कृष्णवर्णीय वैमानिक तयार झाले होते. युद्ध संपल्यावर विमान कंपन्या वाढल्या, त्यांना माणसं हवी होती, आणि हवाई दलातून बाहेर पडलेले गोरे वैमानिक त्यांनी भराभर घेतले. टस्कीगीवाल्यांना मात्र दार बंद. १९५७ सालीसुद्धा तिथल्या एकाही मोठ्या प्रवासी विमान कंपनीत कृष्णवर्णीय वैमानिक नव्हता.

कंपन्यांच्या अर्जात वर्णाचा रकाना असायचा आणि सोबत फोटो लागायचा. ग्रीन यांनी अर्जामागून अर्ज केले, काही उपयोग झाला नाही. मग डेन्व्हरच्या काँटिनेंटल एअरलाइन्सच्या अर्जात त्यांनी तो रकाना रिकामा सोडला आणि फोटो लावला नाही. बाकी सगळं खरं लिहिलं.

आणि बोलावणं आलं! कागदावर फक्त तास आणि अनुभव दिसत होता, तेव्हा माणूस पसंत होता. ते डेन्व्हरला गेले, विमान चालवून दाखवायच्या परीक्षेत पास झाले. नोकरी मिळाली नाही. त्यांच्यापेक्षा कमी तास असलेले गोरे उमेदवार घेतले गेले.

कोलोरॅडो राज्यात त्याच वर्षी नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध नवा कायदा झाला होता. ग्रीन यांनी राज्याच्या आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने चौकशी करून निष्कर्ष काढला की, ग्रीन यांची निवड न होण्याचं एकमेव कारण त्यांचा वर्ण आहे. कंपनीच्या प्रशिक्षण वर्गात पहिली जागा निघेल ती ग्रीन यांना द्या, असा आदेश निघाला.

इथे एखाद्याला वाटेल की गोष्ट संपली. पण आपण भारतीय, कोर्टकचेरी आपल्याला माहीत आहे. कंपनी कोर्टात गेली. आमची विमानं अनेक राज्यांतून उडतात, तेव्हा आमच्या भरतीला एका राज्याचा कायदा लावता येणार नाही, हा तिचा मुद्दा. त्याला आधार म्हणून १८७८ सालचा, मिसिसिपी नदीतल्या आगबोटीवरच्या प्रवाशांचा निकाल पुढे आला. डेन्व्हरच्या कोर्टात कंपनी जिंकली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही जिंकली. ग्रीन आणि आयोग वॉशिंग्टनला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले.

२२ एप्रिल १९६३ रोजी निकाल लागला. एकमताने, ग्रीन यांच्या बाजूने. निकाल लिहिला न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी, जे तरुणपणी अलाबामात कू क्लक्स क्लॅनचे सदस्य होते. माणूस बदलतो तो असा. त्यांचं म्हणणं साधं होतं. आगबोटीच्या काळी एका राज्याचा नियम एक आणि शेजारच्या राज्याचा त्याच्या उलट, असा घोळ होण्याची भीती होती. आता वर्णावरून नोकरी नाकारायला लावणारा कायदा कुठलंच राज्य घटनेप्रमाणे करू शकत नाही, मग घोळ होईल कसा?

पुढच्याच वर्षी, १९६४ साली, हवाई दलातून आलेले डेव्हिड हॅरिस अमेरिकन एअरलाइन्समध्ये मुलाखतीला बसले. ते रंगाने उजळ होते. नंतर वाद नको म्हणून त्यांनी स्वतःहूनच सांगितलं की मी कृष्णवर्णीय आहे. मुलाखत घेणाऱ्याने साधारण असं उत्तर दिलं की तुमचा रंग कुठलाही असो, आम्हाला तुम्ही विमान उडवू शकता का एवढंच बघायचंय. त्यांची निवड झाली. सात वर्षांत विमान तेच राहिलं, आकाश तेच राहिलं. बदलला तो टेबलावरचा प्रश्न.

ग्रीन प्रत्यक्षात १९६५ साली रुजू झाले. त्यांना सिनिऑरिटी १९५७ पासूनची मिळाली, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. विमान कंपनीत कॅप्टन कधी होणार, कुठलं विमान, कुठला मुक्काम, कुठली सुट्टी, सगळं सिनिऑरिटीच्या नंबरवर ठरतं. पण नंबर परत देता येतो, वयाची वर्षं नाही. नोकरी मागितली तेव्हा ते २८ वर्षांचे होते, मिळाली तेव्हा ३५ चे. मुलाबाळांचा संसार त्या काळात कसा रेटला असेल, याचा हिशोब कुठल्याच निकालात नाही. १९७८ साली ते निवृत्त झाले, २००९ साली गेले. पुढच्या वर्षी त्याच कंपनीने आपल्या एका बोइंग ७३७ ला त्यांचं नाव दिलं.

लांब कशाला जायचं, आपल्याकडेही पाहा. इंडियन एअरलाइन्समध्ये पहिल्या महिला वैमानिक दुर्बा बॅनर्जी आल्या १९६६ साली. आणि १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कोलकाता-सिल्चर फोकर विमान नेलं, तेव्हा कॉकपिटमध्ये दोघीही बायकाच, ही देशभर बातमी झाली. आज तशी बातमी होत नाही, हे बरंच आहे. पण प्रश्न अजून टेबलावर आहे, हे भाचीने सांगितलंच.

कुणी म्हणेल, मग काय, मुलाखतीत फक्त तास मोजायचे? नाही. "कॅप्टन चुकतोय असं दिसलं तर?" हा प्रश्न ५८३ माणसांच्या जिवावर उभा आहे. १९७७ साली टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली. समोरची धावपट्टी मोकळी झाली नसेल अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने काढली होती, कॅप्टनने ती उडवून लावली. त्यानंतर कंपन्या माणसाचा स्वभाव तपासू लागल्या, आणि ते योग्यच आहे. तो प्रश्न कामातून आलेला आहे. लग्नाचा प्रश्न आणि वर्णाचा रकाना कामातून आलेला नाही. विचारणाऱ्याच्या डोक्यातून आलेला आहे.

आता माझं. आमच्या कारखान्याच्या अर्जात जातीचा रकाना होता. का होता, कुणी विचारलं नाही. एकदा आयटीआयच्या एका मुलाने तो रिकामा सोडला. मार्क त्या गठ्ठ्यात सगळ्यात जास्त. साहेब म्हणाले, "अपूर्ण अर्ज आहे, बाजूला ठेवा." मी ठेवला. माझ्याच हाताने. अपूर्ण काय होतं हे मला तेव्हाही कळत होतं. त्या मुलाने आयोगाकडे तक्रार केली नाही, कोर्टात गेला नाही. त्याला कधी कळलंच नसेल की नेमकं काय झालं.

भाचीला काल मी हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, त्या मुलाचं नाव आठवतं?"

आठवतं. इथे लिहीत नाही.

तुमच्यापैकी जे आज टेबलाच्या त्या बाजूला बसतात, त्यांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या मुलाखतीआधी आपली प्रश्नांची यादी एकदा वाचा, आणि प्रत्येक प्रश्नापुढे त्याचा कामाशी काय संबंध ते लिहा. जिथे काही लिहिता येणार नाही, तो प्रश्न खोडून टाका.