वरळीचा किनारा आणि पागाची विद्या

आपल्या कोळी ज्ञातीचा इतिहास म्हटला की होड्या, डोलजाळी आणि भर दर्यातील धाडस यांचेच वर्णन बहुधा वाचावयास मिळते. परंतु होडी घेण्याची ऐपत नसलेला कोळी गुडघाभर पाण्यात उभा राहून, पाग टाकून आपले कुटुंब पोशीत आला. त्याचा वृत्तान्त थोडक्यात सांगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुंबई ही मूळची सात बेटे व वरळी त्यांपैकी एक. वरळी आणि महालक्ष्मी यांच्या दरम्यान पूर्वी मोठे खिंडार होते. भरतीचे पाणी त्यातून आत शिरून, आज जेथे ताडदेव, भायखळा व कामाठीपुरा वसले आहेत त्या सखल भागात पसरे. असे उथळ खारे पाणी म्हणजे बोई, कोळंबी व चिंबोऱ्या यांचे माहेरघरच होय. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या कारकिर्दीत (१७७१-१७८४) या खिंडारास बांध घालण्यात आला. त्यामुळे नगराची भरभराट झाली, हे कोणीही नाकारणार नाही. मात्र पाण्यात चालून मासे धरणाऱ्याचे मोठे क्षेत्र तेव्हाच आटले. वरळीकरांस उरला तो किल्ल्याभोवतालचा खडकाळ पट्टा आणि माहीमच्या खाडीचे मुख.

पाग हे गोल जाळे. त्याच्या कडेस शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असून मधली दोरी मनगटास बांधतात. फेकताना ते छत्रीसारखे उघडून पाण्यावर पडले पाहिजे. ही विद्या पुस्तकात नाही. घरच्या वडीलधाऱ्यांच्या मागोमाग पाण्यात उतरूनच ती येते. मला ती माझ्या मामांनी दिली. त्यांचा पहिला धडा गणिताचा होता. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ निघते : चतुर्थीस तीनच्या, तर अष्टमीस सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येस भरती बाराच्या सुमारास येते, म्हणून पहाटे सहाला सुकती होऊन खडक दूरवर उघडे पडतात. त्याच वेळी आमच्या आया-मावश्या कालवे फोडण्यास निघत आणि मामा पाग खांद्यावर टाकीत. दुसरा धडा पायांचा. वाळूत पाकट दडलेले असते. यास्तव पाऊल उचलून न टाकता सरकवीत न्यावे. तिसरा धडा मौनाचा, कारण बोईस आवाजाची फार धास्ती. क्वचित जिताडा लागला तर तो दिवस घरी सणाचा ठरे. शाळेत मी पुढे अनेक वर्षे गणित शिकविले, परंतु पाऊणकीचा इतका चोख उपयोग करणारा दुसरा शिक्षक मला भेटला नाही.

२००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला आणि मार्च २०२४ मध्ये सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा. या मार्गासाठी समुद्रात विस्तीर्ण भराव पडला. होड्यांच्या ये-जा करण्याच्या वाटेसाठी आपल्या बांधवांनी नेटाने लढा दिला आणि डिसेंबर २०२२ मध्ये दोन खांबांतील अंतर ६० मीटरांऐवजी १२० मीटर करण्याचे मान्य करून घेतले. ही गोष्ट ज्ञातीस भूषणावह आहे. पण ज्यास होडीच नाही, त्याची वाट कोणत्या मापाने मोजावी? होडीस नोंदणी असते, क्रमांक असतो. पागवाल्याजवळ आणि कालवेवालीजवळ आपण येथे पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलो याचा कागद नसतो. म्हणून भरपाईचा विचार होतो तेव्हा त्यांचे नाव मागे पडते.

हा कागद आपणच तयार केला पाहिजे. प्रत्येक घरातील वृद्धांजवळ खडकांची नावे आहेत, उतरण्याच्या जागा आहेत, कोणत्या महिन्यात कोणती मासळी कोठे लागे याची माहिती आहे. तरुणांनी ती विचारून, तिथीवार लिहून ठेवावी. एका पिढीचे तोंड मिटले की ही विद्या आणि तिजवरचा आपला हक्क, दोन्ही एकाच सुकतीबरोबर निघून जातील.