मिहानचा वाघ आणि सातबारा

1972च्या गणनेत पावलांच्या ठशांवरून वाघ मोजले होते. नोव्हेंबर 2019मध्ये नागपूरच्या मिहान प्रकल्पात वाघ दिसला, तेव्हा वनखात्याने कॅमेरे लावले. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे, त्यावरून ओळख पटते. तो आला कुठून, याचीच चर्चा फार झाली. वर्ध्याच्या बाजूला बोर व्याघ्रप्रकल्प आहेच. मला मोठा प्रश्न वाटतो तो हा, की तो थांबला कशाला? खापरी, दहेगाव, तेल्हारा इथली शेते मिहानसाठी गेली, नांगर थांबला. कारखाने मात्र सगळीकडे उभे राहिले नाहीत. रिकाम्या भूखंडांवर गवत, बाभळी माजल्या. रानडुकरांना एवढा आडोसा पुरतो. म्हणून वनखात्याच्या नोंदींआधी मी सातबारा उघडतो आणि पिकांच्या रकान्यात ‘पडीक’ कधीपासून येते, ते पाहतो.