म्हाळसा आणि बाणाई

म्हाळसा आणि बाणाई : मल्हारी मार्तंड खंडोबाच्या कथाचक्रातील दोन नायिका. वाघ्या-मुरळी या खंडोबाच्या उपासकांची जागरणगीते, धनगरी ओव्या आणि अलीकडे टीव्ही मालिका अशा वाटांनी या दोघी मराठी घरांत पोहोचल्या. खानदेशाला त्या परक्या नाहीत. बाणाईची चंदनपुरी मालेगावजवळ गिरणेच्या काठी आहे आणि तीच गिरणा पुढे जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. वरणगाव-भुसावळपासून धुळ्यापर्यंत ज्या घरांचे कुलदैवत खंडोबा आहे, तिथे लग्नानंतर रात्री देवाचे जागरण घातल्याशिवाय कार्य पुरे झाले असे मानत नाहीत.

म्हाळसा ही नेवाशाच्या तिम्माशेट या लिंगायत वाण्याची मुलगी, पार्वतीचा अवतार. तिचे लग्न सातारा जिल्ह्यातील पाली येथे विधिपूर्वक लागले. घराण्याची रीत, सोवळे, मानपान हे सारे तिच्या पदराला बांधलेले. पण तेवढ्यावरून तिला चुलीपुरती गृहिणी समजणे चूक ठरेल. खंडोबाच्या टाकांवर ती अनेकदा देवाच्या मागे घोड्यावर बसलेली दिसते, कधी तिच्या हातात भाला असतो. मणी आणि मल्ल या दैत्यांशी झालेल्या युद्धात दैत्याच्या रक्ताच्या थेंबाथेंबातून नवे दैत्य उठू लागले. ते रक्त खाली पडू न देण्याचे काम मौखिक परंपरेत म्हाळसेकडे येते आणि तिला ते पुरते साधत नाही; शेवटी देवाचा कुत्रा सगळे रक्त पिऊन टाकतो. कर्तव्यात उणी पडलेली देवी लोककथेने लपवली नाही, आणि त्यामुळे तिचा मानही कमी केला नाही. हा तपशील या कथाचक्रातील सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल.

बाणाईपुढचे संकट निराळे आहे. ती धनगराची लेक. काही कथांत ती वारुळात सापडलेली, काहींत गंगेचा अवतार. सारीपाटात म्हाळसेकडून हरलेला खंडोबा बारा वर्षे घराबाहेर राहण्याचे कबूल करतो, वेष पालटून चंदनपुरीला येतो आणि बाणाईच्या बापाकडे मेंढरे राखायला राहतो. एके दिवशी तो सारा कळप मारून टाकतो. धनगराच्या घरी कळप मेला म्हणजे घरच बुडाले. मेंढरे जिवंत करून देण्याच्या बदल्यात तो बाणाईचा हात मागतो, बाप कबूल होतो आणि कळप उठून चरायला लागतो. इथे शत्रू समोर उभा नाही. संकट आणणारा आणि ते निवारणारा एकच आहे, आणि तो देव आहे. म्हाळसेपुढचे संकट रणात भाल्याने अडवता येते, बाणाईला संकट आणणाऱ्याशीच संसार मांडावा लागतो. ओव्यांमध्ये या लग्नात प्रेमही भरपूर आहे, पण त्याच्या मुळाशी असलेली सक्ती वाचकाने नजरेआड करू नये.

पुढे सवतींचे भांडण जुंपते. एक शाकाहारी वाण्याची, दुसरी मेंढरांच्या वासाची; एकीकडे सोवळे, दुसरीकडे रानातला मोकळेपणा. जागरणात हा प्रसंग श्रोते चवीने ऐकतात, कारण त्यात जातींचा, आहाराचा, गाव आणि रानाचा जुना ताण उघड बोलला जातो. रा. चिं. ढेरे आणि धनगरांमध्ये वावरून ओव्या गोळा करणारे जर्मन संशोधक गुंथर सोंथायमर यांनी या कथांकडे स्थिरावलेला समाज आणि पशुपालक यांच्या संबंधांचा पुरावा म्हणून पाहिले. खंडोबाच्या परिवारात रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई यांचीही नावे येतात; कथेचा भार मात्र या दोघींवरच आहे. जेजुरीत म्हाळसा वर गडावर देवाजवळ, तर बाणाईचे ठाणे डोंगराच्या अर्ध्या चढावर.

दैत्यांचा शेवटही ध्यानात घेण्याजोगा आहे. शरण आलेल्या मणीला देवाजवळ जागा मिळाली. मल्लाचे शिर मात्र मंदिराच्या पायरीला गेले, भक्तांनी तुडवावे म्हणून.

जागरण रात्रीचे. चौक मांडून उसाच्या पाच धाटांखाली घट बसवतात, दिवटी पेटवतात, वाघ्याची दिमडी आणि मुरळीची घाटी सुरू होते. विषम संख्येने बसलेले पुरुष पान, सुपारी, खोबरे आणि भंडारा ठेवलेली तळी एकदम उचलतात. दोघी नायिकांची सुखदुःखे गाणारी मुरळी मात्र स्वतः लहानपणीच देवाला सोडलेली असे. नवसाचे ओझे आईबापांचे, ते फेडायचे तिने. विठ्ठल रामजी शिंदे यांनी या चालीविरुद्ध काम केले आणि १९३४च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने मुली देवाला वाहण्यास बंदी आली. या कथेतल्या कर्तव्याविषयी लिहिताना ही बाजू वगळणे अन्यायाचे होईल.

झी मराठीवरील ‘जय मल्हार’ (२०१४–१७) या मालिकेत सुरभी हांडे म्हाळसा आणि ईशा केसकर बानू (बाणाई) होत्या. मालिकेने दोघींना नव्या पिढीपर्यंत नेले, हे तिचे श्रेय निर्विवाद. मात्र तिचा बराचसा भर दोघींतल्या तेढीवर राहिला. रक्त झेलताना हरलेली म्हाळसा आणि मेलेल्या कळपापुढे उभी राहिलेली बाणाई भेटायची तर जागरणाला बसावे, किंवा पौष पौर्णिमेच्या यात्रेला चंदनपुरीला जावे.