बागेतली शेड : तुराटीपासून टिनापर्यंत

सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास म्हटला की भूमिपूजन, पहिली सर्वसाधारण सभा, पाण्याची टाकी हे सगळं येतं. बागेच्या कोपऱ्यातल्या शेडबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. कुदळ, घमेलं, पाण्याचा पाइप आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू पोटात घेऊन ती मुकाट उभी असते. तिलाही इतिहास आहे, बरं का!

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात पूर्वी शेतावरचा कोठा बांधायला बाजारात जावं लागत नसे. तूर निघाली की तुराट्यांचा कूड करायचा, शेणमातीनं लिंपायचा, वर गवत टाकायचं. खर्च मेहनतीचा. पण वाळवी आणि पावसामुळे डागडुजी ठरलेलीच.

नालीदार पत्र्याचं पेटंट १८२९ मध्ये लंडनला हेन्री पामर या अभियंत्याने घेतलं. सपाट पातळ पत्रा वाकतो. नाल्या पाडल्या की तोच ताठ राहतो, म्हणून खाली लाकूड कमी लागतं. पुढे जस्ताचा मुलामा आला आणि गंज लांबला. १८६० च्या दशकात मलकापूर, नांदुरा, शेगावमार्गे रेल्वे नागपूरला पोचली; १८७० मध्ये खामगाव जोडलं गेलं. कापूस बाहेर गेला, तसा जड माल आत येणंही सोपं झालं. हळूहळू टिन गावोगाव पोचलं.

आपली पहिली शेड तुराट्यांचीच होती. दुसरी जुने टिन आणि भंगारातले अँगल आणून श्रमदानातून उभारली. स्वस्तात झाली म्हणून सगळे खूश! पण मे महिन्यातल्या वावधानात दोन टिन उडाले आणि मुलं रोज खेळतात तिथेच पडले. भर दुपार होती, म्हणून तिथे कुणी नव्हतं. वेल्डिंगवाले दादा म्हणाले, "टिन सस्ते घ्या भाऊ, पण वाऱ्याले सस्तं समजू नका."

वारा खालून शिरून छत उचलतो, वरून ओढतो. कडेचे टिन आधी सुटतात. म्हणून टिन तेच ठेवले, पण खांब काँक्रीटमध्ये गाडले. जे-हूक नालीच्या उंचवट्यावर रबरी वायसर लावून आवळले, कडेला जास्त दाट. वाढीव खर्च सिमेंटचा आणि हुकांचा, तेवढाच.

आता तयार शेड विकत घ्यायचा विचार चालू आहे. जरूर घ्या. फक्त किंमत विचारण्याआधी हूक मोजा.