उष्णता कोंडली, पण कामाला लागली नाही : रोधित डिझेल इंजिनाची कहाणी

रायपूरच्या पंडरीतील जुन्या बसस्थानकावर भर उन्हाळ्यात लांब पल्ल्याची बस येऊन थांबली, की रेडिएटरमध्ये पाणी ओतणारा क्लीनर हे नेहमीचे दृश्य असे. त्या पाण्याबरोबर काय वाहून जाते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. डिझेल जळून निघालेल्या उष्णतेचे ढोबळमानाने तीन वाटे पडतात. एक चाकांना फिरवतो, दुसरा धुरातून निघून जातो आणि जवळजवळ तितकाच तिसरा इंजिन थंड राखण्यात खर्ची पडतो. कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक आयात करणाऱ्या देशाला हा तिसरा वाटा बोचणे साहजिक आहे. मग ज्वलनकक्षाच्या भिंती उष्णतारोधक करून तो वाचवता येणार नाही का?

हा प्रश्न डिझेल इंजिनाइतकाच जुना आहे. रुडॉल्फ डिझेलने १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सिलिंडरला पाण्याच्या वेष्टनाची गरज नसलेले यंत्र कल्पिले होते. ऑग्सबर्ग येथील त्याचे पहिले प्रायोगिक यंत्रही तसेच होते. अनुभवाने त्याला माघार घ्यावी लागली. १८९७ मध्ये प्रा. श्रोटर यांनी चाचणी घेतलेल्या इंजिनाने २६.२ टक्के कार्यक्षमता गाठली, तेव्हा त्याच्या सिलिंडरभोवती पाणी खेळत होते. महाराष्ट्राच्या शेतकऱ्यालाही हे पाणी परिचित आहे. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि तेथील इंजिने गावोगावच्या विहिरींवर पोहोचली. अनेक ठिकाणी पंपाने उपसलेल्या पाण्यातलेच थोडे पाणी इंजिनाच्या अंगातून फिरवले जाई.

१९७०च्या दशकातील तेलसंकटाने जुन्या स्वप्नाला नवे बळ दिले. १९६२ पासून किर्लोस्करांच्या साथीने पुण्यात आलेल्या कमिन्स या अमेरिकी कंपनीत रॉय कामो आणि तेथील लष्कराच्या वाहन संशोधन विभागातील वॉल्टर ब्रिझिक यांनी ‘अ‍ॅडियाबॅटिक’ इंजिनाचा ध्यास घेतला. लष्कराचा स्वार्थ उघड होता : रेडिएटर फुटला, की वाहन जागीच अडकते. पिस्टन, सिलिंडर हेड आणि व्हॉल्व्ह यांवर झिर्कोनियासारख्या सिरॅमिकचे कवच चढवण्यात आले. झिर्कोनियाची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या काही दशांश नव्हे, तर शतांशाच्या घरातली आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी रेडिएटर, पंखा आणि पाण्याचा पंप काढून टाकलेला पाच टनी ट्रक रस्त्यावर धावलाही.

तरीही अपेक्षित इंधनबचत हाती आली नाही. कोंडलेल्या उष्णतेचा मोठा भाग पिस्टनला ढकलण्याऐवजी धुरातून बाहेर पडला. कारण ती उष्णता वायूला उशिरा, प्रसरणाचा धक्का संपत आला असताना मिळते. धुरातली ही ऊर्जा पकडण्यासाठी वेगळी टर्बाइन जोडावी लागते. शिवाय सदैव तापलेली भिंत आत येणाऱ्या हवेलाही तापवते. हवा विरळ होते आणि सिलिंडरमध्ये कमी भरते. त्यात वंगणतेल जळू लागते, ते वेगळेच.

१९८७ मध्ये म्युनिकच्या गेऱ्हार्ड वोश्नी यांनी आणखी एक धक्का दिला. सिलिंडरमधील उष्णतावहनाचे त्यांचे १९६७ मधील सूत्र आजही अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवले जाते. त्यांच्या मोजमापांनुसार भिंत फार तापली, की वायूकडून भिंतीकडे उष्णता जाण्याचा गुणांकच वाढतो. गार भिंतीजवळ ज्योत विझते आणि तिथला पातळ थर ढालीसारखा उभा राहतो. भिंत तापली की ज्योत तिच्या अगदी जवळ जाऊन जळते आणि ही ढाल झिजते. सर्वांना हे पटले नाही. विरुद्ध निष्कर्षांचे प्रयोगही प्रसिद्ध झाले आणि वाद दीर्घकाळ चालला.

भारतात या वादाची रणभूमी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत होती. शस्त्र बहुधा एकच : किर्लोस्करचे एका सिलिंडरचे, मिनिटाला १५०० फेऱ्यांचे इंजिन. देशभरातील विद्यार्थ्यांनी त्याच्या पिस्टनवर झिर्कोनियाचे लेप चढवून निरीक्षणे नोंदवली. कुठे इंधन वाचले, कुठे वाढले. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र अनेकदा वाढलेलीच दिसली.

दिशा बदलली ती प्रश्न बदलल्यावर. भिंत कायम तापलेली का ठेवायची? २०१५ मध्ये टोयोटाने २.८ लिटरच्या डिझेल इंजिनात पिस्टनच्या माथ्यावर सिलिकाने बळकट केलेला, सच्छिद्र ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर दिला. तो उष्णता वाहूनही नेत नाही आणि साठवूनही ठेवत नाही. ज्वलनाच्या वेळी त्याचा पृष्ठभाग वायूबरोबर झटकन तापतो, नवी हवा येताना तितक्याच झटकन निवतो. ज्वलनकाळातील शीतनहानी सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे आणि कमाल कार्यक्षमता ४४ टक्क्यांवर पोहोचल्याचे कंपनीने जाहीर केले.

विद्यार्थिमित्रांनो, ऊर्जा अक्षय्य आहे, हा पहिला नियम आपण पाठ करतो. पण वाचवलेली प्रत्येक उष्णता कामाला लागतेच असे नाही, हे दुसरा नियम सांगतो. जाड कवच चढवणाऱ्यांनी उष्णता किती जाते हे पाहिले. ती केव्हा जाते, हे पुढच्या पिढीने पाहिले. रायपूरच्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेचा जन्म १९५६ साली खाणकाम व धातुशास्त्राचे महाविद्यालय म्हणून झाला. या कहाणीचा उलगडाही इंजिनशास्त्राइतकाच पदार्थविज्ञानाने केला, हे तेथे शिकणाऱ्यांना विशेष जवळचे वाटावे.