गोठलेल्या मातीतली काळपुळी

थंडीने जंतू मरतात, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. फ्रीजरमध्ये ठेवलेले मटण म्हणूनच आपल्याला निर्धोक वाटते. प्रत्यक्षात थंडी बहुतेक जंतूंची वाढ थांबवते, त्यांना मारतेच असे नाही. काही जंतूंना तर गोठलेली माती चांगलीच मानवते. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे काळपुळी, अर्थात अँथ्रॅक्स. आपल्याकडचे पशुपालक गुरांच्या या रोगाला फाशी म्हणतात. या रोगाचा इतिहास थंड मुलखांत घडला असला, तरी त्यातला धडा आपल्याही कामाचा आहे.

सायबेरियाचा व्रण

रशियन भाषेत या रोगाचे नावच ‘सायबेरियाचा व्रण’ असे आहे. ते रूढ केले स्तेपान आंद्रेयेव्स्की या डॉक्टरांनी. उरल पर्वताजवळच्या चेल्याबिन्स्क येथे साथीचा अभ्यास करताना १७८८ साली त्यांनी स्वतःलाच हा रोग टोचून घेतला. जनावरांचा आणि माणसांचा रोग एकच आहे, हे त्यांना सिद्ध करायचे होते. ते आजारी पडले, पण वाचले.

एक कोडे मात्र तसेच राहिले. त्या मुलखात हिवाळ्यात माती दगडासारखी गोठते. महिनोन्महिने एकही जनावर आजारी पडत नाही. मग उन्हाळा आला की त्याच कुरणांवर रोग पुन्हा उगवतो कसा? फ्रान्समध्येही अशी कुरणे होती. तिथे मेंढ्या चारल्या की मरायच्या, म्हणून शेतकरी त्यांना शापित शेते म्हणत.

एका गावच्या डॉक्टरचे उत्तर

हे कोडे सोडवले रॉबर्ट कॉख यांनी. ते तेव्हा प्रशियातल्या वोल्श्टाइन या छोट्या गावात (आज ते पोलंडमध्ये आहे) सरकारी डॉक्टर होते. दिवसभर रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, असा त्यांचा क्रम होता. मेलेल्या जनावराच्या रक्तात काडीसारखे जंतू दिसतात, हे आधीच माहीत होते. पण त्या काड्या तर लवकर मरतात. मग रोग वर्षानुवर्षे टिकतो कसा?

गुराच्या डोळ्यातल्या द्रवात हे जंतू वाढवून कॉख तासन् तास पाहत राहिले. काड्यांचे लांब धागे झाले आणि त्या धाग्यांत चकाकणारे बारीक ठिपके दिसू लागले. हेच बीजाणू, म्हणजे स्पोअर. ते वाळवून ठेवले आणि पुन्हा पोषक द्रवात टाकले, की त्यांतून पुन्हा काड्या निघत आणि उंदराला टोचल्यास उंदीर मरे. १८७६ साली ब्रेस्लाउ येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांच्या मदतीने हे संशोधन प्रसिद्ध झाले. एका विशिष्ट जंतूमुळे विशिष्ट रोग होतो, याचा तो पहिला भक्कम पुरावा मानला जातो.

थंडी इथे हरते का?

पाणी गोठताना त्याचे स्फटिक बनतात आणि पेशीच्या आवरणाला इजा करतात. साध्या जंतूंपैकी बरेच त्यात मरतात. बीजाणूच्या गाभ्यात मात्र पाणी फारच कमी असते. भोवती जाड आवरणांचे थर असतात आणि आतले सगळे व्यवहार जवळपास बंद असतात. तो खात नाही, वाढत नाही, नुसता थांबून राहतो. म्हणून दरवर्षी गोठणे आणि वितळणे तो सहन करतो. उलट थंडीत त्याची झीज कमीच होते. अशा मातीत तो अनेक दशके टिकू शकतो.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. बीजाणू तयार व्हायला हवा आणि ऊब लागते. जनावराचे मढे न फाडता तसेच राहिले, तर आतले बहुतेक जंतू कुजण्याच्या क्रियेत मरतात. मढे उघडले किंवा रक्त बाहेर सांडले की जंतूंना हवा मिळते आणि बीजाणू बनून मातीत उतरतात. म्हणजे उन्हाळ्यात बीजाणू तयार होतात आणि हिवाळा ते जपून ठेवतो.

लस आली आणि थांबली

१८८१ साली लुई पाश्चर यांनी पॅरिसजवळच्या पुयी-ल-फोर या गावी जाहीर प्रयोग केला. २४ मेंढ्यांना लस दिली, तेवढ्याच मेंढ्यांना दिली नाही. मग सर्वांना जिवंत जंतू टोचले. २ जूनला लोक पाहायला जमले, तेव्हा लस दिलेल्या मेंढ्या उभ्या होत्या आणि बाकीच्या मेल्या होत्या किंवा मरायला टेकल्या होत्या. माती स्वच्छ करता आली नाही तरी जनावर वाचवता येते, हे जगाला कळले.

आता उत्तर रशियातल्या यामाल द्वीपकल्पाकडे येऊ. इथे नेनेट्स लोक रेनडिअरचे कळप घेऊन फिरतात. खालची जमीन कायम गोठलेली असते. वरचा थर मात्र दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियाच्या उत्तर भागात या रोगाने लाखो रेनडिअर मेले. त्यांची मढी उथळच पुरली गेली, कारण खाली खणताच येत नाही.

यामालमध्ये १९४१ नंतर साथ आली नाही. रोग दिसेना, म्हणून २००७ साली रेनडिअरचे लसीकरण थांबवले गेले. २०१६ चा उन्हाळा विलक्षण तापला. पारा ३५ अंशांपर्यंत गेला आणि माती नेहमीपेक्षा खोल वितळली. जुलै-ऑगस्टमध्ये २,००० हून अधिक रेनडिअर मेले, अनेक लोक रुग्णालयात दाखल झाले आणि १२ वर्षांचा एक मुलगा दगावला. त्यानंतर मढी जाळण्यात आली आणि लसीकरण पुन्हा सुरू झाले.

या साथीचे खापर नुसते वाढत्या उष्णतेवर फोडणे पुरेसे नाही. बीजाणू ७५ वर्षे तिथेच होते. आधीच्या उन्हाळ्यांतही माती थोडीफार वितळतच होती. बदलले ते दोन्ही बाजूंनी: माती अधिक खोल उघडी पडली आणि वर चरणारी जनावरे असुरक्षित झाली होती. रोग दिसत नव्हता यात लसीचाही वाटा होता, ही गोष्ट विसरली गेली.

आपल्यासाठी काय?

आपल्याकडे माती गोठत नाही, पण भारतातही काळपुळीच्या तुरळक घटना होतात. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा.

- जनावर अचानक मेले आणि नाका-तोंडातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल, तर त्याला फाडू नका, कातडे काढू नका, मांस खाऊ नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.
- अशा जनावराला हात लागल्यावर काही दिवसांनी खाजरी पुळी आली, ती दुखत नसली तरी मध्ये काळी खपली धरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि जनावराविषयी आवर्जून सांगा. वेळेत अँटिबायोटिक मिळाले तर हा रोग बरा होतो.
- धनुर्वाताचे जंतूही बीजाणू बनूनच मातीत राहतात. आपल्या गावात धनुर्वाताचा रुग्ण कित्येक वर्षांत दिसला नाही, म्हणून त्याची लस टाळू नका.
- फ्रीजरमधले मांस वितळल्यावर आतपर्यंत नीट शिजवूनच खा.

एखादा रोग दिसेनासा झाला की लस कशाला, असा प्रश्न दवाखान्यात नेहमी विचारला जातो. यामालमध्येही नेमका तोच प्रश्न पडला होता.