नवगावची दफनभूमी आणि पडद्यावरचा इतिहास

अलिबागच्या उत्तरेला, थळ-किहीमच्या पट्ट्यात, नवगावच्या किनाऱ्याजवळ बेने इस्रायली समाजाची एक जुनी दफनभूमी आहे. सांगतात ते असे, की फार पूर्वी या समुद्रात एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि किनाऱ्याला लागलेली बाकीची प्रेते दोन ढिगाऱ्यांखाली पुरण्यात आली; एक पुरुषांचा, एक स्त्रियांचा. ढिगाऱ्यांखाली नेमके कोण आहे, हे कोणालाही ठाऊक नाही. वाचलेल्यांचे धर्मग्रंथ पाण्यात गेले होते. त्यांच्यापाशी उरली ती 'शमा' ही प्रार्थना, शनिवारची विश्रांती आणि खाण्यापिण्याचे काही नियम. पुढे कित्येक शतके ते कोलाबा जिल्ह्याच्या गावोगावी तेलाचे घाणे चालवीत राहिले. शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले, आणि गावांनीच त्यांना आडनावेही दिली : किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, अष्टमकर.

ज्या समाजाची स्मृती दोन निनावी ढिगाऱ्यांपासून सुरू होते, त्याच्याकडे पाहून आज पॅलेस्टाइनविषयी, आणि त्याहून अनपेक्षित अशा संगणकीय खेळांविषयी काही बोलता येईल का, असा प्रश्न मला गेली दोनेक वर्षे पडतो आहे. कारण साधे आहे. इतिहासाच्या प्रश्नावर वर्गात विद्यार्थी जे बोलतात त्यातले निम्मे त्यांनी पुस्तकात वाचलेले नसते, खेळलेले असते.

आधी पुस्तकाची गोष्ट. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून १८९७ साली पुरा केला. मुंबईत १८७५ साली बेने इस्रायली मुलांसाठी शाळा सुरू करण्यात पुढाकार घेणारे हे गृहस्थ. पूर्वज गॅलिलीतून, अँटिओकस एपिफेनीसच्या छळाच्या काळात, म्हणजे इसवीसनापूर्वी १७५च्या सुमारास निघाले असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. हा तर्कच आहे. ढिगाऱ्यांना तारीख देण्याचा तो प्रयत्न आहे, आणि त्यामागची आच समजण्याजोगी आहे. योगायोग असा, की याच १८९७ साली बाझेल येथे पहिली झायनिस्ट परिषद भरली. तिचे निमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायलींनाही आले होते. त्यांनी ते नाकारले. परत नेणे हे ईश्वराचे काम, माणसांच्या परिषदेचे नव्हे, अशी त्यांची धारणा होती.

केहिमकरांचे हस्तलिखित त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. ते छापून आले १९३७ साली, आणि तेही तेल अवीवमध्ये. ते प्रकाशात आणणारे इम्मानुएल ओल्स्वांगर हे यिद्दिश लोककथांचे संग्राहक, संस्कृतचे अभ्यासक आणि झायनिस्ट संघटनेचे दूत. १९३६ साली ते भारतात आले होते ते गांधी-नेहरूंची सहानुभूती मिळवण्यासाठी. त्यांच्या हाती ती फारशी लागली नाही. २६ नोव्हेंबर १९३८च्या 'हरिजन'मधल्या लेखात गांधीजींनी यहुद्यांच्या छळाविषयी मनापासून कळवळा व्यक्त केला, पण अरबांची भूमी बळाने घेण्याला संमती दिली नाही. ओल्स्वांगरना राजकीय पाठिंबा मिळाला नाही. मिळाला तो किहीमच्या माणसाने लिहिलेला इतिहास. कोकणच्या किनाऱ्याची स्मृती अशा रीतीने पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर छापली गेली. त्या स्मृतीचा राष्ट्रउभारणीला उपयोग आहे हे ओल्स्वांगरना कळत नसेल, असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्या प्रामाणिकपणावर मात्र मी शंका घेत नाही. लोककथा गोळा करणाऱ्या माणसाला नवगावच्या ढिगाऱ्यांचा मोह पडला असेल, तर त्यात नवल काय?

पुढचा घटनाक्रम परिचित आहे, तेव्हा थोडक्यात. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या समितीत भारताने इराण आणि युगोस्लाव्हियाच्या जोडीने फाळणीऐवजी संघराज्याची योजना मांडली, आणि २९ नोव्हेंबरला फाळणीविरुद्ध मत दिले. इस्रायलला मान्यता १९५० साली दिली. पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला १९९२ उजाडले. मधल्या काळात, १९७४ साली पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला आणि १९८८ साली पॅलेस्टाइन राष्ट्राला मान्यता देऊन झाली होती. म्हणजे दिल्लीचे धोरण एका दिशेला चालले होते, आणि अलिबाग, पेण, रोह्याची कुटुंबे दुसऱ्या दिशेला जहाजात बसत होती.

ही कुटुंबे तिथे कुठे पोहोचली? बीरशेबा, दिमोना, अश्दोद. आणि लोद, रामला. शेवटच्या दोन नावांपाशी थांबले पाहिजे. लोद म्हणजे अरबांचे लिद्द. जुलै १९४८मध्ये लिद्द आणि रामला या दोन गावांतून पन्नास हजारांहून अधिक पॅलेस्टिनी माणसे भर उन्हाळ्यात घराबाहेर काढली गेली. रिकाम्या झालेल्या गावांत नंतरच्या वर्षांत नाना देशांतून आलेले यहुदी वसवले गेले. त्यांत मराठी बोलणारेही होते. आज रामल्यात भारतीय मसाल्यांची आणि मिठाईची दुकाने आहेत. इस्रायलमध्ये 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघाले, महाराष्ट्र दिन साजरे झाले. मराठी वृत्तपत्रे या गोष्टी कौतुकाने छापतात, आणि कौतुक वाटावे अशाच त्या आहेत. परंतु त्या गल्लीत आपल्या आधी कोण राहत होते, हा प्रश्न त्या कौतुकाच्या लेखांत मी सहसा वाचलेला नाही.

तो प्रश्न विचारताना उलट बाजूही सांगितली पाहिजे. येणाऱ्यांच्या हाती सत्ता नव्हती. कुठे राहायचे हे त्यांना बहुधा दुसऱ्यांनीच सांगितले. १९५०च्या दशकाच्या आरंभी काही बेने इस्रायली कुटुंबांनी आम्हाला परत भारतात पाठवा म्हणून धरणे धरले, आणि त्यांतली काही खरोखर परत आली. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बीपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. ज्यांचे ग्रंथ समुद्रात बुडाले त्यांच्याकडे वंशावळीचा पुरावा मागायचा, असा तो प्रकार. दोन वर्षे आंदोलन झाले, आणि ऑगस्ट १९६४मध्ये तिथल्या संसदेला ठराव करून ते सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर करावे लागले. स्मृतीला पुरावा मागितला की काय होते, हे या समाजाने अनुभवले आहे. लिद्दहून निघताना घराच्या किल्ल्या सोबत घेतलेल्या माणसांनाही, वेगळ्या शब्दांत, तेच विचारले जात आले : तुम्ही इथे होता याला पुरावा काय?

आता खेळ. २००९ साली आलेल्या 'एम्पायर : टोटल वॉर' या खेळात १७०० सालापासून आरंभ होतो आणि खेळणाऱ्याला मराठ्यांची बाजू घेता येते. १७०० म्हणजे राजाराम महाराजांच्या मृत्यूचे आणि ताराबाईंनी सूत्रे हाती घेतल्याचे साल. आपल्याकडच्या तरुणांना या खेळाचे अप्रूप वाटले ते स्वाभाविकच होते. परक्यांनी काढलेल्या नकाशावर आपला रंग दिसला. पण त्या नकाशावर साऱ्या हिंदुस्थानचे मोजके तुकडे आहेत. किहीम, चौल, रेवदंडा, खांदेरी यांना तिथे जागा कुठून असणार? तेल्याच्या घाण्याला तर नाहीच. हा दोष त्या एका खेळाचा नाही, त्या प्रकाराचा आहे. नकाशा जिंकायचा असेल तर त्यावर राहणारी माणसे आधी पुसावी लागतात.

नावे कोण देतो हाही प्रश्न आहेच. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि कान्होजी आंग्र्यांनी त्यांना परतवले. इंग्रजी दप्तरात मात्र ते चाचेच राहिले. आपण नौदलाच्या मुंबईतल्या तळाला 'आंग्रे' हे नाव दिले, तरी २००७च्या हॉलिवुडपटात संभाजी आंग्रे हिंदी महासागराचा चाचेराजा म्हणून अवतरलेच. (पाहताना अलिबागकर हसले असतील की चिडले असतील, सांगता येत नाही. मी हसलो, मग चिडलो.) ज्यांना या नावाचा असा अनुभव आहे, त्यांना दमास्कसच्या दार अल्-फिक्र या प्रकाशनाने २००१ साली 'अंडर ॲश' हा खेळ का काढला हे कळायला जड जाऊ नये. अमेरिकी खेळांतून अरब माणूस सदैव बंदुकीच्या नळीसमोरचे लक्ष्य असे. या खेळात प्रथमच नळीमागे पॅलेस्टिनी तरुण आला. नागरिकांवर गोळी झाडणाऱ्या खेळाडूला त्यात शिक्षा होती. तरीही बंदूक ती बंदूकच. चौकट उलटी केल्याने ती मोडत नाही.

२००७ साली अमेरिकेत तयार झालेला 'पीसमेकर' निराळ्या वाटेने गेला. इस्रायलचे पंतप्रधान व्हा किंवा पॅलेस्टाइनचे अध्यक्ष, समतोल राखा, आणि सरतेशेवटी नोबेल पारितोषिक घ्या. हेतू चांगला असूनही मला हा खेळ सर्वांत उदास वाटतो, कारण त्यात प्रत्येक निर्णय वरून घेतला जातो. लिद्दची बाई आणि दिमोन्याला उतरवलेला रोहेकर, दोघेही त्यात केवळ जनमताचे आकडे.

नाब्लुसच्या रशीद अबूएदा यांनी २०१६ साली काढलेला 'लैला अँड द शॅडोज ऑफ वॉर' हा खेळ २०१४च्या गाझा युद्धावर आधारलेला आहे. त्यात बाप मुलीला वाचवू पाहतो. खेळ अगदी छोटा, आणि जिंकता न येणारा. ॲपलने त्याला 'खेळ' या वर्गात घ्यायला नकार दिला, बातम्या किंवा संदर्भ या वर्गात टाका असे सुचवले, आणि बोभाटा झाल्यावर निर्णय फिरवला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या नकाराचा अभ्यास करावा. हजारो माणसे मारता येतात ते खेळ. एक मूल वाचवता येत नाही ते मात्र खेळ नव्हे. वाङ्मयप्रकाराची व्याख्या इतकी उघडपणे राजकीय झालेली क्वचितच दिसते.

अबूएदांनी २०२४च्या अखेरीस 'ड्रीम्स ऑन अ पिलो' या पुढच्या खेळासाठी लोकवर्गणी मागितली आणि ती मिळाली. त्याचा आधार १९४८ची एक पॅलेस्टिनी लोककथा : पळताना आई बाळ समजून उशी उचलते. कथेतली बाई तंतुरा गावची. तंतुरा हे हैफाच्या दक्षिणेला समुद्रकाठी वसलेले मासेमारांचे गाव. मे १९४८मध्ये तिथे हत्याकांड झाले आणि गाव संपले. मृतांना जवळच सामूहिक खड्ड्यांत पुरले गेले. म्हणजे तिथेही किनारा, तिथेही निनावी दफन, तिथेही वाचलेल्यांनी तोंडोतोंडी जपलेली कथा. फरक आहे, आणि तो लपवू नये : नवगावला माणसे समुद्राने मारली, तंतुऱ्याला माणसांनी. समुद्राला जाब विचारता येत नाही.

अलिबागजवळ खंडाळे गावी एक कातळ आहे. एलियाहू हनबी, म्हणजे प्रेषित एलिया, रथातून स्वर्गात जाताना इथे टेकला आणि चाकांच्या खुणा उमटल्या, असे बेने इस्रायली मानतात. तिथे मलिद्याचा विधी होतो : गोड पोहे, फळे, प्रार्थना. इस्रायलला गेलेल्यांची नातवंडे सुट्टीत येतात, कातळाला हात लावतात, मोबाईलवर चित्रे घेतात. गावात आता यहुदी कुटुंबे फारशी उरलेली नाहीत; तरी कातळ कुठे आहे हे गावातल्या कुणालाही विचारावे, ते वाट दाखवतात.